सभामंडपाला निधी आहे, जाळरेषेला नाही

दरवर्षी ५ जूनच्या, म्हणजे पर्यावरण दिनाच्या आसपास एक मागणी हमखास कानावर येते. जिल्ह्याच्या विकासनिधीतले अमुक टक्के पर्यावरणासाठी राखून ठेवा. कोणी पाच टक्के म्हणतं कोणी दहा, आणि उघड विरोध कोणीच करत नाही कारण झाडं नकोत असं चारचौघात कोण म्हणणार. मी मात्र या मागणीच्या विरोधात आहे, निदान ती ज्या पद्धतीने मांडली जाते त्या पद्धतीने तरी. मी विकासवाल्यांचा माणूस वगैरे नाही, उलट निसर्गावर सरकारी पैसा खर्च व्हायलाच हवा आणि आत्ता होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त व्हायला हवा अशाच मताचा आहे. पण आजच्या यंत्रणेत वरून दहा टक्के ओतले तर खाली काय पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. ऑक्सिजन पार्क, पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, गावाच्या नावाचा 'आय लव्ह' वाला सेल्फी पॉइंट, तळ्याला चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत आणि तिच्यावर स्टीलचं रेलिंग. हे सगळं पर्यावरण या हेडखाली बिनबोभाट बसतं आणि वर्षाअखेरीस अहवालात निधी शंभर टक्के खर्च झाला असं येतं.

आधी हा पैसा नक्की कुठला ते बघू, कारण 'विकासनिधी' हा शब्द आपण फार ढिलेपणाने वापरतो. महाराष्ट्रात याचा मुख्य नळ म्हणजे जिल्हा वार्षिक योजना. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आली, आपल्याकडे त्याचा कायदा १९९८ चा, पालकमंत्री अध्यक्ष आणि कलेक्टर सदस्य सचिव. २०२५-२६ च्या राज्याच्या बजेटमध्ये या योजनेला २० हजार कोटींच्या वर तरतूद दाखवलेली आहे, म्हणजे हा काही चिल्लर पैसा नाही. त्याशिवाय आमदार निधी वर्षाला ५ कोटी, खासदार निधी ५ कोटी, डोंगरी विकासचा वेगळा, आणि जिथे खाणी आहेत तिथे २०१५ नंतर आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा आणखी वेगळा. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच नियमांमध्ये पर्यावरणाला मनाई नाहीच, खनिज प्रतिष्ठानच्या नियमांत तर पर्यावरण संवर्धन आणि प्रदूषण नियंत्रण हे उच्च प्राधान्याच्या यादीत आहे आणि जिल्हा योजनेतही वनांचे, जलसंधारणाचे हेड वर्षानुवर्षं आहेत. म्हणजे दार बंद आहे म्हणून पैसा येत नाही असं नाहीये. दार उघडंच आहे, पण आतून जे बाहेर येतं ते सिमेंटच असतं. का?

याचं उत्तर मला वाटतं थोडं मागे जाऊन शोधावं लागतं. महाराष्ट्रात प्रादेशिक विकासाची सगळी भाषा अनुशेषाची आहे, म्हणजे कुठला जिल्हा सोयींमध्ये किती मागे राहिला त्या तुटीची. १९८३ साली दांडेकर समिती नेमली गेली, १९८४ ला तिचा अहवाल आला आणि त्यात जिल्ह्याजिल्ह्याचा अनुशेष काढला गेला, सगळा मिळून सुमारे ३१८७ कोटींचा. मोजलं काय? रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शाळा, तांत्रिक शिक्षण, दवाखाने, पिण्याचं पाणी, भूविकास, जनावरांचे दवाखाने. त्या काळात हे बरोबरच होतं, ज्या गावात लाइट नाही त्या गावाला आधी लाइट दिली पाहिजे यात वाद घालायचं कारण नाही. नंतर १९९४ मध्ये कलम ३७१ (२) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळं आली, त्यांची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली, त्यावरून विधानसभेत जो काही गदारोळ झाला तो सगळा पुन्हा किती कोटी कोणाला एवढ्यावरच. पण चाळीस वर्षांत ओढे किती आटले, गायरानं किती गेली, जंगल किती विरळ झालं याचा अनुशेष कोणी काढला नाही. जिल्ह्याजिल्ह्यात विहिरींची, किलोमीटरची तुलना झाली, उन्हाळ्यात वाहणाऱ्या झऱ्यांची झाली नाही. आणि जे मोजलंच जात नाही त्याला लेखाशीर्ष कुठून मिळणार.

त्यामुळे साचा असा तयार झाला की विकासाचं काम म्हणजे जे बांधता येतं, ज्याचं भूमिपूजन होतं, ज्याची मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि शेवटी जे ग्रामपंचायतीला हस्तांतरित करता येतं. खासदार निधीच्या नियमात तर स्पष्टच आहे, टिकाऊ सामुदायिक मालमत्ता उभी राहिली पाहिजे, दरवर्षीचा चालू खर्च त्यातून करता येत नाही. आमदार निधीचा स्वभावही तोच. खरी अडचण इथे आहे. निसर्ग सांभाळायचं काम जवळजवळ सगळं चालू खर्चाचं असतं. त्यात बांधायला फारसं काही नसतंच, त्यात माणसं लागतात आणि ती दरवर्षी लागतात.

जाळरेषेचंच घ्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वणवा एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाऊ नये म्हणून गवताचा एक पट्टा आधीच कापून, वाळवून, जाळून मोकळा करतात. वन विभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, म्हणजे हे काम डिसेंबर-जानेवारीतच उरकलं पाहिजे. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, पट्ट्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी करायची, कोणाच्या हातात ओल्या डहाळ्या, कुठे नशीब असेल तर ब्लोअर, आणि आग कडेच्या बाहेर जाऊ न देता पट्टा पेटवत पुढे सरकायचं. दिवसभराचं काम आहे, धुराने डोळे लाल होतात, आणि काम झाल्यावर दाखवायला काय उरतं तर एक काळा पट्टा जो पहिल्या पावसात हिरवा होऊन जातो. पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून. आता हे मालमत्ता नोंदवहीत कसं लिहिणार? आणि दुसरी बाजू म्हणजे जिल्हा योजनेचा पैसा. एप्रिलमध्ये वर्ष सुरू होतं, मग मागच्या कामांचं दायित्व, मग याद्या, मग प्रशासकीय मान्यता, मध्येच एखादी आचारसंहिता, आणि खरा धबधबा सुरू होतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे डोंगर पेटायला लागला की निधी यायला लागतो.

एका गावाने केलेला ठराव मी स्वतः वाचलेला आहे, गावाचं नाव राहू दे. त्यांनी मागितलं काय होतं तर गावातल्याच पोरांना उन्हाळ्याचे चार महिने आगीवर नजर ठेवायची मजुरी. रक्कम अशी की एका हायमास्ट दिव्याच्या खर्चात दोन-तीन उन्हाळे निघाले असते. उत्तर आलं आवर्ती खर्च अनुज्ञेय नाही. आणि तोंडी सल्ला मिळाला की त्यापेक्षा निरीक्षण मनोऱ्याचा प्रस्ताव द्या, तो बसतो. देणाऱ्या साहेबांचा हेतू वाईट नव्हता हो, त्यांना खरंच मदत करायची होती, पण नियमात जे बसतं तेच ते देऊ शकत होते. मनोरा झालाही. त्यावर बसायला माणूस नाही कारण माणसाची मजुरी आवर्ती खर्चात येते.

म्हणून मी म्हणतो की टक्केवारीचं भांडण नंतर करू. आधी नियम बदला की निसर्गाच्या कामात मजुरी हीच गुंतवणूक धरली जाईल, आणि एका वर्षाची नाही तर किमान पाच वर्षांची मान्यता एकदम मिळेल. घाणेरी, म्हणजे रानात पसरणारं ते परदेशी झुडूप, काढायची असेल तर एकदा उपटून भागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी परत उगवते आणि तेव्हा सोडून दिली तर पहिल्या वर्षाचा पैसा अक्षरशः वाया. रोपं लावली तर तीन उन्हाळे पाणी. गवताळ माळ राखायचा तर मेंढपाळांशी बोलून कुठला भाग कधी चारायचा, कधी बंद ठेवायचा हे दर हंगामात ठरवावं लागतं. आपल्याकडे रोपं लावायला पैसे असतात, जगवायला नसतात. २०१६ मध्ये एका दिवसात दोन कोटी झाडांचा कार्यक्रम झाला, पुढे आकडा वाढत वाढत २०१९ ला ३३ कोटींवर गेला, आणि शेवटी चर्चा कशाची झाली तर जगली किती याची चौकशी करायची याची. लावलेली मोजायची यंत्रणा होती, जगलेली मोजायची नव्हती.

आता यापेक्षा कडू मुद्दा. विकासनिधीतून निसर्गाला पैसे द्या म्हणण्याआधी विकासनिधीतून निसर्गाचं जे नुकसान चालू आहे ते थांबवा, त्याला तर एक रुपयाही लागत नाही.

कोकणात, घाटमाथ्यावर देवराया आहेत. शेकडो वर्षं तिथे कोयता चालला नाही, वाळकी फांदीसुद्धा उचलायची तर देवाला विचारायचं. बेहडा, सातवीण, ऐन अशी दोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं, त्यावर मनगटाएवढ्या जाड गारंबीच्या वेली, धनेशाला घरटं करायला लागते तशी ढोली असलेली जुनी खोडं, आणि बऱ्याच ठिकाणी मुळाशी एक झरा ज्यावर खालची वाडी उन्हाळा काढते. यांना सरकारी संरक्षण असं फारसं कधी नव्हतंच, देवाची भीती हेच संरक्षण होतं. आता होतं काय की गावातला एखादा कार्यकर्ता धडपड करून देवस्थान 'क' वर्ग तीर्थक्षेत्रात घालतो, 'क' वर्गाला मान्यता जिल्हा नियोजन समितीच देते, आणि मग पैसा येतो. पैसा आला की सभामंडप. सभामंडपाला जागा हवी म्हणून पाच-सहा झाडं. मग गाड्या यायला रस्ता, रस्त्यासाठी आणखी काही झाडं. मग चिखल नको म्हणून पेव्हर ब्लॉक, तो झाडांच्या मुळांवरच, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत जायच्या ऐवजी गटारात. संरक्षक भिंत, हायमास्ट, जमलंच तर स्वच्छतागृह नेमकं झऱ्याच्या वरच्या अंगाला. गावाला यात काही चुकीचं वाटत नाही, त्यांच्या दृष्टीने देवाचं चांगलं झालं, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही कारण त्यांना निधी म्हणून जे मिळू शकतं ते हेच आहे. देवराईचा देवराई म्हणून सांभाळ करायला, एखाद्या गुरवाला किंवा राखणदाराला मानधन द्यायला, भोवती नवी झाडोऱ्याची पट्टी वाढवायला पैसे मागायचे तर कुठला फॉर्म भरायचा? तसा फॉर्म मी तरी कधी बघितला नाही.

देवराईबद्दल निदान लोकांना हळहळ वाटते, माळरानाचं तर तेही नशीब नाही. सोलापूर, नगर, बारामती-सासवडकडचा माळ हा रिकामा माळ नसतो, तिथे पवन्या, मारवेल, शेडा अशी गवतं असतात, त्यावर धनगरांच्या मेंढ्या जगतात, लांडगा, खोकड, चिंकारा, तणमोर, धाविक असतात. नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं, आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. या माळांवर आपण पर्यावरणाच्याच नावाखाली जेसीबी घातले. सलग समतल चर मारले, गवत उलटंपालटं करून टाकलं आणि चरांच्या बांधावर गिरीपुष्प लावलं ज्याला गुरं-मेंढ्या सहसा तोंड लावत नाहीत. कागदावर हे मृदसंधारण अधिक वृक्षलागवड, डबल मार्क. प्रत्यक्षात मेंढीचं चराऊ रान गेलं आणि लांडग्याचं घर गेलं, मग तोच लांडगा गावाजवळ दिसला की दहशत म्हणून बातमी. ओढ्यांचं तसंच. जलयुक्त शिवारमध्ये काही गावांना फायदा झाला हे मान्य, पण नाला खोलीकरणाच्या नावाखाली ओढ्याचा तळ, कडेची करंज-उंबरं, वाळू सगळंच खरवडून काढण्याचा प्रकारही सर्रास झाला, आणि कॅगने २०२० मध्ये या योजनेवर ९६३३ कोटी खर्चूनही भूजलात म्हणावा तसा फरक पडला नाही असं लिहून ठेवलंय.

तेव्हा माझी पहिली मागणी टक्क्यांची नाहीच. जिल्हा नियोजनातून कुठलंही काम मंजूर करताना एक साधी पडताळणी हवी की हे काम देवराईत आहे का, गवताळ माळावर आहे का, वाहत्या ओढ्याच्या पात्रात आहे का, कातळसड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या खडकाळ पठारावर आहे का. असेल तर तालुक्याच्या माणसाने एक दिवस जागेवर जाऊन बघून यायचं आणि मगच प्रशासकीय मान्यता. यासाठी वेगळी अथॉरिटी नको, नवा कायदा नको, एका जीआरचं काम आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे गरीब जिल्ह्यांचं काय. गडचिरोलीत पावसाळ्यात अजून गावं तुटतात, बाळंतीण खाटेवरून न्यावी लागते, आणि तुम्ही तिथला पैसा झाडांना द्या म्हणता? हा आक्षेप खरा आहे, त्याला उडवून लावणाऱ्या शहरी निसर्गप्रेमींचा मला राग येतो. माझं म्हणणं असं की गडचिरोलीच्या रस्त्याच्या, दवाखान्याच्या पैशातला एक रुपयाही झाडांकडे वळवू नका. उलट गडचिरोलीला जादा द्या, कारण जंगल त्यांनी राखलंय. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे, त्यामुळे तिथे कारखाना येत नाही, रस्त्याला परवानग्या लागतात, शेतजमीन मर्यादित, आणि त्या जंगलाचा फायदा मात्र खाली नदीकाठच्या सगळ्यांना.

आणि ही काही माझी कविकल्पना नाही, देशाच्या पातळीवर हे तत्त्व केव्हाच मान्य झालंय. केंद्राच्या करातला वाटा राज्यांना वाटताना चौदाव्या वित्त आयोगाने जंगलाला ७.५ टक्के वेटेज दिलं, पंधराव्याने ते १० टक्के केलं. म्हणजे महाराष्ट्राला दिल्लीहून जो पैसा मिळतो त्यातला काही हिस्सा गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट आणि सह्याद्रीतल्या जंगलाच्या जिवावर मिळतो. तो मुंबईत येतो आणि तिजोरीत मिसळून जातो. जिल्ह्यांना वाटताना लोकसंख्या बघतात, क्षेत्रफळ बघतात, मानव विकास निर्देशांक बघतात, जंगलाचा हिशेब तिथे गायब. दिल्लीकडून जंगलाच्या नावाने घ्यायचं आणि जंगलवाल्या जिल्ह्याला देताना ते विसरायचं, याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे पण तो इथे लिहीत नाही. ब्राझीलच्या पराना राज्याने १९९१ मध्येच हे करून दाखवलं. राज्याच्या विक्रीकरातला जो वाटा नगरपालिकांना जातो त्यातला ५ टक्के भाग पाणलोट आणि संरक्षित क्षेत्रं सांभाळणाऱ्या नगरपालिकांसाठी बाजूला काढला, आणि नुसतं क्षेत्र किती हे न बघता ते कसं राखलंय यालाही मार्क ठेवले. ज्या गावांना जंगल म्हणजे कटकट वाटायची त्यांना ते उत्पन्न वाटायला लागलं. आपल्याला हेच राज्याच्या पातळीवर करायला कोणी अडवलेलं नाही.

दुसरा आक्षेप जरा लबाड आहे. वन विभाग आहे ना, कॅम्पा आहे ना, मग जिल्ह्याचा पैसा कशाला. कॅम्पात पैसा आहे हे खरं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींच्या वर दिले त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ३८०० कोटींच्या पुढे आले. पण तो जंगल तोडल्याच्या भरपाईचा पैसा आहे आणि तो मुख्यतः वन विभागाच्या हद्दीत फिरतो. आपला कितीतरी निसर्ग त्या हद्दीच्या बाहेर आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कातळसडे सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक जमीन असतात आणि पावसाळ्यात त्यावर जी फुलं येतात, जे बेडूक, गोगलगायी असतात त्यातलं काही काही जगात दुसरीकडे नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली, आकार फक्त दोन-सव्वादोन हेक्टर. दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल आहे, तीही तेवढीच चिमुकली. असल्या जागांना अभयारण्य लागत नाही, वनरक्षकांची फौज लागत नाही, गावातले दोन-चार जाणते लोक आणि त्यांच्या हातात थोडे नियमित पैसे लागतात. कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, राज्यात अशा २८ हजारांच्या आसपास समित्या. बहुतेक ठिकाणी समितीच्या सदस्यांनाच माहीत नसतं की ते सदस्य आहेत. गावातल्या झाडाप्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवह्या हरित लवादाची तारीख जवळ आली तशा घाईघाईने भरल्या गेल्या, काही ठिकाणी तर शेजारच्या गावाची कॉपी-पेस्ट. याला मी समित्यांचा दोष म्हणत नाही, ज्या समितीच्या खात्यावर पैसेच नाहीत ती समिती काय करणार.

पैसे गावाच्या हातात दिले तर काय होतं याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाले, २०११ पासून गाव स्वतः बांबू विकायला लागलं, आणि आपल्या जंगलातून किती काढायचं आणि किती ठेवायचं हे ग्रामसभेत ठरतं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका कांदळवनात होडी फिरवून पर्यटकांना माहिती देतात, त्यांच्यासाठी कांदळवन उभं असणं हाच धंदा आहे. राज्याच्या कांदळवन उपजीविका योजनेत खेकडा पालन, कालवं, शोभिवंत मासे असं गावगटांना अनुदान आहे, गटाला ९० टक्क्यांपर्यंत, आणि त्याबदल्यात गावाने कांदळवन राखायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालचा पाच टक्के निधी. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के पैसा तेरा जिल्ह्यांतल्या पेसा गावांच्या ग्रामकोषात थेट जातो आणि तो कशावर खर्च करायचा याच्या चार गटांतला एक गट वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण आणि वनउपजीविकेचा आहे. म्हणजे विकासाचा पैसा, थेट गावाला, निसर्गाच्या कामासाठी, हे तिन्ही एकत्र आणणारा नियम आपल्याकडे छापील स्वरूपात दहा वर्षं आहे. बिगर-आदिवासी भागात तसा तो का नाही हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

या सगळ्यात घोटाळे होणार नाहीत असं मी म्हणत नाही. खोटी हजेरी लागेल, सरपंचाच्या भावकीतले चार जण आगराखे म्हणून कागदावर राहतील, उन्हाळ्यात डोंगरावर कोणी दिसणार नाही. होईल, काही गावांत नक्की होईल. पण एक हिशेब करा. खोट्या हजेरीत पैसा जातो आणि देवराई उभी राहते, सभामंडपाच्या टेंडरमध्ये पैसाही जातो आणि देवराईही जाते. मला पहिला भ्रष्टाचार परवडतो. शिवाय इथे तपासणी सोपी आहे, डोंगर जळला की नाही हे आख्ख्या तालुक्याला दिसतं, सॅटेलाइटवर सुद्धा दिसतं. पाच वर्षांची मान्यता द्या पण दुसऱ्या वर्षाचा हप्ता पहिल्या उन्हाळ्याचा निकाल बघून द्या. झऱ्याला एप्रिलमध्ये पाणी होतं का, किती हेक्टर जळलं, लावलेल्यातलं काय जगलं. जवळच्या कॉलेजच्या पोरांना हे मोजायचं काम द्या, मानधन देऊन, फुकट श्रमदान म्हणून नव्हे.

मोजण्याचा मुद्दा मी उगाच ताणत नाहीये. युरोपीय प्रादेशिक विकास निधी १९७५ पासून आहे, तिथे निसर्ग संवर्धनाला त्यातून पैसे द्यायची रीतसर सोय आहे, आपल्यापेक्षा कितीतरी शिस्तीची यंत्रणा. तरी २०१४ मध्ये त्यांच्याच लेखापरीक्षकांनी दाखवलं की देशांनी जैवविविधतेसाठी ठेवलेला पैसा बाकीच्या कामांइतक्या जोमाने वापरलाच नाही, बऱ्याच प्रकल्पांतून संरक्षणाचे आराखडे तेवढे तयार झाले, आणि त्यातून निसर्गाला प्रत्यक्ष काय फायदा झाला हे सांगायला बहुतेक ठिकाणी मोजमापच नव्हतं. तिथे ही गत, तर आपल्या नुसत्या टक्केवारीच्या घोषणेचं काय होईल.

राजकीय अडचण मला दिसते. जाळरेषेचं भूमिपूजन करता येत नाही, ठेकेदाराला त्यात काही नाही, आणि पालकमंत्र्यांच्या फ्लेक्सवर 'अमुक कोटींच्या विकासकामांचा शुभारंभ' असं लिहायला आकडा लहान पडतो. तर फलक लावा ना, हवा तेवढा मोठा लावा, गावाच्या वेशीवर लावा, माझी हरकत नाही. फक्त देवराईच्या आत नको.

आणि गावांनी स्वतःसुद्धा थोडं हुशारीने वागायला हवं. जिल्हा योजनेचा पुढच्या वर्षाचा आराखडा दिवाळीच्या पुढेमागे आकार घेतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरीय बैठकीत आकडे पक्के होतात, त्यामुळे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत केलेला ठराव त्या वर्षापुरता गेल्यातच जमा. १५ ऑगस्टच्या किंवा फार तर २ ऑक्टोबरच्या सभेत तो झाला पाहिजे. ठरावात 'वृक्षारोपण व सुशोभीकरण' असले शब्द घालू नका, ते घातले की पेव्हर ब्लॉक येणार. सरळ लिहा की इतकी माणसं, इतके महिने, इतकी मजुरी, हद्द इथून इथपर्यंत, आणि सोबत हाताने काढलेला का होईना नकाशा जोडा. आवर्ती खर्च बसत नाही असं उत्तर आलं तर तोंडी ऐकून परत येऊ नका, कुठल्या नियमाच्या कुठल्या कलमाखाली बसत नाही ते लेखी मागा, आणि अशी लेखी उत्तरं तालुक्यातल्या दहा-वीस गावांची एकत्र करून आमदाराच्या हातात अधिवेशनाच्या आधी द्या.